मामांचा ‘न’

मराठीत मऊ म्हणजे लुसलुशीत. झाशीपासून साठेक किलोमीटरवर, सुखनई नदीच्या काठी, मऊ हे एका गावाचं नाव आहे. स्टेशनावरच्या पाटीवर ते पूर्ण लिहिलेलं दिसतं, मऊरानीपुर. आपण मराठीत लिहिताना त्याचं मऊराणीपूर करतो. ‘न’चा ‘ण’ होतो, आणि ‘पु’ दीर्घ होतो, कारण १९६२च्या लेखननियमांनी गावाच्या नावातल्या ‘पूर’ला तशी शिस्त लावून दिली आहे. नागपुर लिहिणारे ते आणि नागपूर लिहिणारे आपण, हा तोच जुना फरक. रोमन लिपीत तर मऊ आणि रानी यांच्यामधला सांधाच पुसला जातो. आमच्या यंत्राने हे नाव रोमनमधून पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, तेव्हा ते ‘मौरॅनिपर’ असं काहीतरी म्हणालं होतं.

मी पुण्यात एका लहानशा गटात काम करते. काम उच्चारकोशाचं. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचे ध्वनी एकेक सुटे करून लिहिलेले, अशा हजारो ओळी. त्या ओळी आणि माणसांचं ध्वनिमुद्रित बोलणं यांची गाठ घालून देणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी आम्ही लिहितो आहोत. बोलणं गोळा करायला मी मऊला गेले, कारण माझे मामा तिथे असतात. त्यांचं घराणं कोकणातून अठराव्या शतकात, नारो शंकरांच्या सुभेदारीच्या आगेमागे बुंदेलखंडात आलं, असं घरात सांगतात. मामांनी आयुष्यभर हिंदी शिकवलं. घरात मराठी, बाजारात बुंदेली, फळ्यावर हिंदी.

पहिल्या खेपेला त्यांच्याकडून साठ वाक्यं वाचून घेतली आणि दीड तास गप्पा मुद्रित केल्या. महिन्याभराने दुसऱ्यांदा गेले ते या ध्वनिफिती तपासणाऱ्या तपासनिसाचा तक्ता पिशवीत घेऊन. खरं तर तो दाखवायचा नव्हता.

मामा : म्हणजे मी नापास.

मी : नापास कुठे, मामा? एका शब्दापुढे ‘चूक’ असं लिहिलंय, एवढंच. वाक्यात ‘मऊराणीपूर’ होतं, तुम्ही ‘मऊरानीपूर’ वाचलंत.

मामा : गाव माझं, तोंड माझं आणि चूकही माझीच. तुझा तो तपासनीस कधी आला होता मऊला?

मी : तो पुण्यात बसून ऐकतो. कानाला यंत्र लावून.

मामा : मग त्याला सांग, इथे ‘ण’ पिकत नाही. बुंदेलीत ‘ण’ नाहीच. इथल्या माणसाने ‘राणी’ म्हटलं, तर समजायचं पाहुणा आहे. आणि वृंदावनलाल वर्मा इथलेच. १८८९ साली याच मऊत जन्मले. १९४६ची त्यांची कादंबरी, नाव काय तिचं? ‘झाँसी की रानी’. जा, तिच्या मुखपृष्ठावरही लिहून ये, चूक.

मी : ते हिंदी पुस्तक आहे, मामा. तुम्ही मराठी वाक्य वाचत होतात.

मामा : मराठीच वाचत होतो. माझं मराठी. ते तुमच्या कोशात बसत नसेल, तर कोश छोटा आहे.

मला लागलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी लायब्ररीचं काम समजावून सांगितलं तर राग उतरेल असं वाटलं, म्हणून त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू होता. मऊजवळच राणीपूर आहे, तिथलं टेरिकॉट प्रसिद्ध, आणि तसल्याच मागांची खटखट दिवसभर भिंतीतून येते. माझ्या ध्वनिफितींमध्येही ती आहेच. पडद्यावर मामांच्या आवाजाची रेघ, आणि तिच्या तळाशी मागाचे बारीक बारीक दात.

मी : हे बघा. तुमचा एक सेकंद म्हणजे इथे सोळा हजार आकडे. प्रोग्राम त्या सेकंदाचे शंभर तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याला विचारतो, तू कुठल्या ध्वनीचा? ‘म’ इथून इथपर्यंत, ‘ऊ’ इथून पुढे. या जुळणीला आमच्यात अलाइनमेंट म्हणतात.

मामा : आणि त्याला कसं कळतं की मी ‘म’ म्हणालो?

मी : वाक्य आपण त्याला आधीच दिलेलं असतं. वाक्यातल्या शब्दात कुठले ध्वनी आहेत, हे तो कोशाला विचारतो. कोश म्हणाला म-ऊ-रा-णी-पू-र, की त्याच क्रमाने ते आवाजावर बसवत जातो.

मामा : मी ‘नी’ म्हटलेलं असताना?

मी : कोशात फक्त ‘णी’ असेल, तर तो तुमच्या ‘नी’वर ‘णी’ची चिठ्ठी चिकटवतो आणि पुढे जातो.

मामा : बोंबलायचं नाही, अडखळायचं नाही?

मी : नाही. त्याला तेवढाच पर्याय दिलेला असतो.

मामा जरा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, पटलं.

मामा : म्हणजे यंत्राला माझी चूक कळलीच नाही. चूक काढली ती तुझ्या तपासनिसाने.

मी : हो.

मामा : मग तो बरा! त्याने निदान ऐकलं. तुझ्या कोशाने तर माझ्या तोंडात दुसऱ्याचं अक्षर घातलं आणि वर कुणाला पत्ताही लागू दिला नाही. उद्या कुणी तुझ्या त्या यंत्राला विचारलं, की बुंदेलखंडातले मराठी लोक ‘ण’ म्हणतात का, तर ते सांगेल, होय महाराज, शंभरातले शंभर म्हणतात. माझी चिठ्ठी दाखवून सांगेल.

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. उच्चारकोशावर काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट माहीत असते, पण ती अशी कुणी अंगणात खाटेवर बसून सांगत नाही. चूक म्हणून खूण झाली, तर निदान काहीतरी वेगळं घडल्याची नोंद राहते. कोशाने मुकाट्याने गिळलं, तर तेही राहत नाही.

मी : म्हणूनच तर कोशात एका शब्दाला अनेक उच्चार देतात. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा इंग्रजीचा उच्चारकोश आहे. एक लाख चौतीस हजारांवर शब्द, एकोणचाळीस ध्वनी. कुणालाही फुकट वापरता येतो. त्यात टोमॅटोच्या दोन ओळी आहेत. मधला स्वर ‘ए’ करणाऱ्यांची एक, ‘आ’ करणाऱ्यांची दुसरी. दोन्ही बरोबर.

मामा : टोमॅटोला दोन आणि माझ्या गावाला एक?

मी : मामा, तुम्ही माझंच बोट धरून मलाच ओढताय.

मामा : मास्तर होतो मी. हओ, पुढे सांग.

मी : इलिनॉयमध्ये तयार झालेला आणखी एक इंग्रजी उच्चारकोश आहे. त्याच्यासाठी एकाने पायथनमध्ये छोटी लायब्ररी लिहिली. तिचं काम मला फार आवडतं. माणसाने प्रत्यक्ष जे ध्वनी काढले ते तिला द्यायचे. कोशातल्या उच्चारांपैकी त्याच्या सगळ्यात जवळचा कुठला, ते ती शोधते. मग शब्दाची अक्षरं कुठे तुटतात, जोर कुठल्या अक्षरावर आहे, तेही सांगते. म्हणजे कोश काय म्हणतो आणि माणूस काय म्हणाला, ही दोन्ही पानं समोरासमोर राहतात. आम्हाला मराठीत तसं काही करायचंय.

मामा : जोर कशाला? आपल्याकडे कुठे आहे जोर?

मी : इंग्रजीत आहे. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. कोशात स्वरापुढे शून्य, एक, दोन असे आकडे लिहितात. आपल्याकडे अर्थ बदलणारा जोर नाही, पण लघु-गुरू आहेत.

लघु-गुरू म्हटल्यावर मामा सरळ बसले. इतका वेळ ते वादात होते, आता वर्गात आले.

मी : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्या. लायब्ररीला दोन्ही सारखेच दिसले, तर घोटाळा. दर्या म्हणजे समुद्र, तो तुटतो दर्-या असा. दोन्ही गुरू. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, त्या तुटतात द-ऱ्या. लघु, गुरू. आचार्यास नमस्कार आणि आचाऱ्यास पगार, हे प्रत्येक मराठी मास्तराचं आवडतं उदाहरण आहे.

मामा : आम्हाला तो चंद्रकोरीसारखा ‘र’ नाही. मी लहानपणी आजीची पत्रं वाचताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्-या’ करायचो. पण तुझी लायब्ररी ‘तुम्ही’ कशी तोडते?

मी : तुम्-ही.

मामा : चूक. लिही तक्त्यात.

मी : जोडाक्षर आलं, की त्याआधीचं अक्षर गुरू. नियमच आहे.

मामा : नियम अर्धा वाचलास. आघात आला तर गुरू. हिंदीत ‘कुम्हार’, ‘तुम्हारा’ म्हण. ‘कु’वर आणि ‘तु’वर जीभ थांबते का? म्ह, न्ह, ल्ह हे आम्ही एकच अक्षर धरतो, मागचं लघु राहतं. मात्रा मोजायला बसवलं, की पोरं पहिल्यांदा इथेच आपटतात. तुमच्याकडे ‘तुझ्या’, ‘तिच्या’ तेच करतात ना? तु-म्ही. पहिलं लघु. बोलून बघ.

मी बोलून पाहिलं. मग त्यांच्याच दीड तासाच्या गप्पांतले ‘तुम्ही’ एकेक काढून ऐकले आणि रेघेवर मोजले. ‘तु’ आखूड होता. ओठ मिटायचे ते पुढच्या अक्षरासाठी. आमच्या अक्षर तोडण्याच्या नियमात त्या संध्याकाळी एक दुरुस्ती झाली, ती कुठल्या शोधनिबंधावरून झाली नाही. छंदःशास्त्र आपण वृत्तांच्या परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो. अक्षर कुठे तुटतं आणि किती वेळ घेतं, याचा इतका बारीक हिशेब आपल्या हाताशी असताना आम्ही इंग्रजीसाठी लिहिलेले नियम उसने आणत होतो, याची मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

पण मामांची सरशी फार वेळ टिकू देणं माझ्या स्वभावात नाही.

मी : आता तुम्ही वाचा. ‘चार गाई चार.’

मामा : चार गाई चार.

मी : दोन्ही सारखेच म्हणालात.

मामा : दोन्ही सारखेच आहेत.

मी : पुण्यात नाहीत. पहिला चार आकडा आहे, त्याचा ‘च’ टाळूवरचा, चहातला. दुसरा चार म्हणजे चरायला ने, त्याचा ‘च’ दाताजवळचा, चुलीतला. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतही तेच. लिहिताना फरक नाही, बोलताना आहे. म्हणून कोशात दोन ओळी लागतात. वाक्यात कुठली ओळ बसवायची, ते यंत्राला आवाज ऐकून ठरवावं लागतं. आता तुमचं बोलणं दिलं, की दोन्हींवर टाळूचीच चिठ्ठी लागणार.

मामा : माझ्या आजीला दोन्ही यायचे. ‘चूल’ म्हणायची तेव्हा ‘त’ आणि ‘स’ एकत्र दळल्यासारखं काहीतरी व्हायचं. वडिलांना अधूनमधून. मला नाही. मग हे लिहिणार कुठे तू? की याच्यापुढे पण चूक?

मी : हे लिहिण्यासाठीच कोश पाहिजे, मामा. नुसती ध्वनिफीत ठेवली, तर कोण ऐकणार आहे? दीड तास तुमचा, दीड तास सागरच्या कुणाचा, दीड तास ग्वाल्हेरच्या कुणाचा. नुसता गवताचा भारा. कुणाला बघायचं असेल, की मराठी दंत्य ‘च’ उत्तरेकडे जाताना कुठपर्यंत टिकला, तर त्याने शेकडो तास काय कान लावून बसायचं? कोशाचं बोट धरून गेलं, तर ‘चूल’, ‘चाक’, ‘चारा’ असे सगळे तुकडे दोन मिनिटांत समोर येतात. तुम्हाला कोश म्हणजे हवालदार वाटतो. मला तो अनुक्रमणिका वाटतो.

मामा : अनुक्रमणिकेत ज्याचं पान नाही, त्याने काय करायचं?

हा आमचा खरा मतभेद, आणि तो त्या दिवशी मिटला नाही. मामांचं म्हणणं होतं, आवाज जसाच्या तसा ठेवा, अक्षरात उतरवलात की त्यातला माणूस गेला. माझं म्हणणं, अक्षरात उतरवला नाही तर तो कुणाला सापडणारच नाही. त्यांनी मग घरचा पुरावा काढला.

मामा : इथे एक लाल जाडंभरडं कापड रंगवायचे. खरुआ. आलच्या मुळांचा रंग. एके काळी मऊचं नाव त्यावरच होतं. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?

मी : खारवा.

मामा : आता सांग, चूक कोण? कापड इथलं, म्हणून तू चूक? की कोश तुझा, म्हणून मी?

मी : दोन शब्द धरायचे.

मामा : कापड एक, शब्द दोन. गाव एक, नाव दोन. हिशेब जमतोय तुला, फक्त माझ्यापर्यंत आला की बिघडतो.

संध्याकाळी वीज गेली. शेजारचा माग थांबला, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा घर शांत झालं. मी म्हटलं, आता मुद्रण करू, आवाज स्वच्छ येईल. मामा म्हणाले, मागाशिवाय बोललो तर ते मऊतलं बोलणं होणार नाही. ही मात्र त्यांची निव्वळ हौस आहे, असं माझं मत. गोंगाट कमी असेल तर ‘न’ आणि ‘ण’ वेगळे ओळखू येतात, हा माझाही हट्टच म्हणा. मुद्रण झालं नाही. अंधारात बोलणं झाशीच्या राणीवर आलं, जसं ते त्या घरात नेहमी येतं.

मी : राणीच्याच काळात फ्रान्समध्ये स्कॉट द मार्तेंव्हिल नावाच्या माणसाने आवाजाची रेघ कागदावर काढणारं यंत्र केलं. फोनोटोग्राफ. त्याचं पेटंट १८५७चं. आवाज लिहिता यायचा, ऐकता यायचा नाही. त्याने १८६० साली काढलेली एक रेघ २००८मध्ये संगणकाने वाचली, तेव्हा ती पहिल्यांदा ऐकू आली. आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही १८५७ साली.

मामा : आणि त्या साली आमच्याकडे काय चाललं होतं, ते सांगायला नको. बाईसाहेबांचा जन्म काशीचा. बालपण बिठूरला. १८४२मध्ये लग्न होऊन झाशीला आल्या. महाराष्ट्रात कधी राहिल्याच नाहीत. घरात मराठी, दासदासी बुंदेली, दरबारात आणखी काय काय. सांग मला, त्यांचा ‘ण’ कसा होता?

मी : कसं सांगणार? आवाज कुठे आहे?

मामा : वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. ‘माझा प्रवास’ लिहिला त्यांनी. त्यांच्या कानात होता तो आवाज. पण लिहिताना ते आपल्याच अक्षरांत लिहिणार. मला वाटतं, बाईसाहेबांची फीत असती, तर तुझ्या तपासनिसाने तिच्यापुढेही लिहिलं असतं, चूक.

हसू आलं, आणि लगेच नाहीसंही झालं. मराठी माणसाने जिचं नाव घेऊन छाती फुगवावी, त्या बाईचं मराठी पुण्याच्या कोशात बसलं नसतं, ही शक्यता अगदी खरी आहे.

मी : बोली नोंदवायचा प्रयत्न ग्रियर्सनने केला होता. हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी. मराठीचा सातवा खंड १९०५चा, बुंदेली नवव्या खंडात. पुढे १९१३पासून १९२९पर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्याही भरल्या गेल्या. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट, ज्याने त्याने आपापल्या बोलीत सांगायची.

मामा : सगळ्या हिंदुस्थानाला एकच गोष्ट! तुझ्या साठ वाक्यांसारखंच की. ‘मला उद्या सकाळी मऊराणीपूरला जायचे आहे.’ मी मऊतच बसलोय, मला कशाला जायचंय मऊला?

मी : तुलना करायला सगळ्यांचं वाक्य एक लागतं.

मामा : वाक्य वाचताना माणूस घाबरून वाचतो. गप्पांत काय निघालं ते बघितलंस?

बघितलं नव्हतं. वीज आल्यावर गप्पांची फीत लावली. चाळिसाव्या मिनिटाला ते किल्ल्याबद्दल बोलत होते, आणि तिथे स्पष्ट, जीभ मागे वळवून, म्हणाले होते ‘झाशीची राणी’. ‘ण’ होता. पुण्यातल्या कुणालाही खोड काढता येणार नाही असा. गावाच्या नावात ‘रानी’, बाईसाहेबांच्या नावात ‘राणी’. एकच माणूस, एकच दिवस. त्यांना ‘ण’ येत नव्हता असं नव्हतं. गाव बुंदेलखंडाचं आहे आणि राणी घरातली आहे, एवढंच त्यांची जीभ सांगत होती. मामांना स्वतःलाही हे माहीत नव्हतं. तीनदा लावून ऐकलं त्यांनी.

मी : आता सांगा, फीत नुसती कपाटात ठेवली असती तर हे सापडलं असतं?

मामा : आणि तुझा कोश नुसता ‘ण’ धरून बसला असता तर?

इथे आम्ही दोघंही थोडे हरलो. मामांनी मग शेवटचा बाण काढला, वर्तमानपत्रातला.

मामा : नव्या यंत्रांना कोश लागतच नाही म्हणे. नुसतं ऐकून शिकतात.

मी : खरं आहे. २०२२ साली व्हिस्पर नावाचं एक मॉडेल आलं, सहा लाख ऐंशी हजार तास आवाज ऐकून शिकलेलं. त्यात उच्चारकोश नाही. पण ते शिकलं ते आवाज आणि त्याखाली लिहिलेला मजकूर यांच्या जोड्यांवरून. तुम्ही ‘रानी’ म्हणालात आणि खाली ‘राणी’ लिहिलं, तर ते तुमचा ‘न’ ऐकून ‘ण’ लिहायला शिकतं. चिठ्ठी लावणारा बदलला, चिठ्ठी तीच. कोशात निदान ती ओळ उघडून वाचता येते आणि दुरुस्त करता येते.

मामा : आणि बुंदेलीचे किती तास आहेत त्या सहा लाखांत?

मी : बुंदेली वेगळी मोजतच नाहीत. २०११च्या जनगणनेत बुंदेली सांगणारे छप्पन्न लाख आहेत, तेही हिंदीच्या पोटात. सरकारची भाषिणी योजना सुरू झाली ती राज्यघटनेच्या परिशिष्टातल्या बावीस भाषांसाठी. बुंदेली त्या बावीसांत नाही.

मामा : आणि बुंदेलखंडातलं मराठी?

मी : मराठीच्या बोलींची ध्वनिमुद्रणं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केली आहेत. महाराष्ट्रातल्या गावागावांतून. गूगलने मराठी आवाजांचा एक संच खुला केला, त्यात आवाज फक्त बायकांचे आहेत. तुमच्यासारखं मराठी शोधत कुणी इथे आलं असेल, तर मला दिसलेलं नाही. म्हणून तर आले मी.

मामा : मग ‘चूक’ लिहायला एवढ्या लांब यायची काय गरज होती?

मामी मूळच्या सागरच्या. त्या इतका वेळ आत पोळ्या करत होत्या. ताटं घ्यायला बाहेर आल्या, तेव्हा पडद्यावर अजून ते वाक्य होतं.

मामी : काय वाचताय मघापासून? मऊराणीपूर, मऊरानीपुर. असं म्हणतं कोण? रेल्वे म्हणते. आपण मऊ म्हणतो.

मी : तो संक्षेप झाला, मामी. कोशात तो वेगळा शब्द धरतात.

मामी : वेगळा धरा नाहीतर काही धरा. बसवाल्याने पूर्ण नाव घेतलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

रात्री मी फितीत शोधलं. दीड तासाच्या गप्पांत मामांनी गावाचं पूर्ण नाव एकदाही घेतलं नव्हतं. ज्या शब्दावर महिनाभर खूण होती, तो त्यांनी फक्त मी लिहून दिला म्हणून उच्चारला होता.

आमच्या कोशात आता ‘मऊराणीपूर’ला दोन उच्चार आहेत, ‘न’चा पहिला आणि ‘ण’चा दुसरा. ‘राणी’लाही दोन, तिथे क्रम उलटा. ‘मऊ’ ही स्वतंत्र ओळ आहे आणि तिच्यापुढे दोन अर्थ आहेत, लुसलुशीत आणि झाशी जिल्ह्यातलं गाव. तपासनिसांच्या तक्त्यातला ‘चूक’ हा रकाना काढलेला नाही. त्याच्या शेजारी ‘कुठला’ असा एक रकाना वाढवला आहे, आणि तो भरल्याशिवाय पहिला उघडत नाही.